दक्षिणेच्या खिडकीतली एकशे चव्वेचाळीस रोपं

२ जानेवारी, सकाळी ६.१५
काल डॉक्टर म्हणाले, प्रेशर वर आहे, एखादा शांत छंद लावून घ्या. विचार केला. निर्णय झाला. फुलझाडं! घरच्या घरी, बियांपासून. आणि तीही हंगामी नाहीत. हंगामी फुलं उथळ माणसांसाठी; तीन महिने मिरवायचं आणि मरायचं. मी लावणार बहुवर्षायू. एकदा लावा, वर्षानुवर्षं बघा. माझ्या स्वभावाला तेच शोभतं. वजनमापं खात्यात सव्वीस वर्षं एकाच टेबलावर निरीक्षक आहे.
बायकोला सांगितलं. ती कुणाच्या तरी कोटाचं अस्तर बदलत होती. 'हं' म्हणाली. मौन म्हणजे संमती. 'हं' तर मौनापेक्षा बरंच जास्त झालं.

३ जानेवारी
चार पाकिटं आणली. डेल्फिनियम, कोलंबाइन, लुपिन, इकिनेशिया. पाकिटांवरची चित्रं बघूनच प्रेशर उतरलं असावं. डेल्फिनियम निळंशार, माणसाच्या खांद्याला लागेल एवढं उंच.
ऑफिसच्या तराजूवर वजन केलं. पाकिटावर ०.२० ग्रॅम, भरलं ०.१९. फरक मर्यादेत. तरी दुकानदाराला तोंडी समज देऊन आलो. ग्राहक जागा असला पाहिजे.

५ जानेवारी, रविवार
घराचा उजेडाच्या दृष्टीने सर्व्हे केला. निष्कर्ष: ऊन येणारी खिडकी एकच, हॉलमधली, दक्षिणेची. नेमकं तिथे हिचं शिलाई मशीन. अठरा वर्षं एकाच जागी! सवयीची गुलाम झालेली माणसं अशीच असतात.
हिला समजावलं की मशीन तात्पुरतं पॅसेजमध्ये हलवावं. ही म्हणाली, 'तात्पुरतं म्हणजे किती?' म्हटलं, सहा आठवडे. ही म्हणाली, 'लोकांचे कपडे असतात हो माझ्याकडे. उजेडाशिवाय काळ्यावर काळा दोरा दिसत नाही.' म्हटलं, पॅसेजमध्ये ट्यूबलाइट आहे, आणि उजेड इथूनतिथून सारखाच.
मशीन हलवलं. चांगलंच जड आहे. कंबर धरली. हिनंच मलम लावलं.

९ जानेवारी
पेरणी! बारा बाय बाराचे कप्पे, एकशे चव्वेचाळीस बिया. प्रत्येक बी चिमट्याने ठेवली. नावांऐवजी कोड लिहिले, 'ड-१' ते 'ड-३६' वगैरे. शास्त्रीय काम.
डेल्फिनियम आणि कोलंबाइनला आधी थंडी लागते. म्हणून त्यांचे ट्रे तीन आठवडे फ्रिजमध्ये. हिनं विचारलं, भाज्या कुठे ठेवू? म्हटलं, गॅलरीत ठेव, बाहेरही थंडीच आहे. प्रश्न विचारण्याआधी माणसानं जरा आजूबाजूला बघावं.

१७ जानेवारी, सकाळी ७.०५
उगवलं!!! इ-१४. उंची ४ मिमी. डोळ्यांत पाणी आलं. मुलीच्या जन्माच्या वेळीही असंच वाटलं असतं, पण तेव्हा मी पेट्रोल पंपांच्या तपासणीला बाहेरगावी होतो.
मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी नोकरीला असते. म्हणाली, 'बाबा, आई कशी आहे?' म्हटलं, चार मिलिमीटर. पुढचं तिला नीट ऐकू आलं नसावं. फोन ठेवला तिने.

२० जानेवारी
वरच्या मजल्यावरच्या काकू पडदे शिवायला टाकायला आल्या. पॅसेजमध्ये मशीनला अडखळल्या. मग खिडकीशी येऊन इ-१४ कडे चष्मा कपाळावर चढवून बघितलं. म्हणाल्या, 'हे गवत आहे.'
मी त्यांना बीजपत्र म्हणजे काय ते पंधरा मिनिटं समजावलं. अज्ञानी माणसाचा राग करू नये. स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्याच्या बाळाचे पाय पाळण्यात मोजायचे.

२३ जानेवारी
इ-१४ उपटलं. अभ्यासासाठी.
काकूंना सांगायचं कारण नाही.

८ फेब्रुवारी
एकूण उगवण ६१. (गवत धरलेलं नाही.) ऑफिसमध्ये सगळ्यांना रोज आकडा सांगतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला आम्ही थर्मास म्हणतो कारण तो दिवसभर थर्मास उघडून बसतो, तो म्हणाला, 'अरे, तू बाप कधी झालास एवढा?' कौतुक आहे त्याला.
घरी आलो तर हिच्या बोटात सुई गेलेली. पॅसेजमधली ट्यूब मिणमिणते म्हणे. सल्ला दिला की काम सावकाश कर. घाई हे सगळ्या अपघातांचं मूळ आहे. मी बी पेरताना कधी घाई केली का?

१५ फेब्रुवारी
हिचे डोळे चुरचुरतात. मीच म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. एवढी काळजी कोण घेतं? गेली. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, कामाच्या जागी उजेड वाढवा.
डॉक्टरांचं म्हणणं पटलं. संध्याकाळीच जाऊन चांगला दिवा आणला. खास रोपांचा, जांभळा, टायमरवाला. खिडकीत लावला. लुपिन लगेच तरारल्यासारखे वाटले.
ही बराच वेळ त्या दिव्याकडे बघत उभी होती. तिलाही आवडला.

२० फेब्रुवारी
हिनं कॅलेंडर दाखवलं. सहा आठवडे उलटून चार दिवस झाले. मी समजावलं की वनस्पतिशास्त्रात आठवडा उगवणीपासून मोजतात. ही म्हणाली, 'असं कुठे लिहिलंय?' म्हटलं, सगळ्याच गोष्टी लिहिलेल्या नसतात.
मग ही म्हणाली, मार्केटच्या मागच्या गल्लीत एक गाळा रिकामा आहे, समोर सगळी काच, दिवसभर उजेड. म्हटलं, जाऊन बघून ये की. चालणंही होईल. बसून बसून पाठ दुखते म्हणत असतेस.

३ मार्च, दुपारी
घात झाला. काल संध्याकाळी ६१ होती. आज सकाळी २३. अडतीस रोपं मान टाकून आडवी. देठ मातीला लागतो तिथे बुरशी. पुस्तकात कारण दिलंय 'जास्त पाणी'. ते पुस्तक परदेशी आहे. मी पाणी जास्त घातलेलं नाही, फक्त वारंवार घातलं.
ऑफिसला कॅज्युअल लीव्ह टाकली. कारण लिहिलं 'कौटुंबिक दुःख'.
हिनं चहा दिला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, 'होतं असं. उरलीत ती जपा.' भली बाई आहे. मग लगबगीने बाहेर पडली, कसल्या तरी कागदावर सही करायची होती म्हणे. मी विचारण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

११ मार्च
घरी आलो तर पॅसेज एकदम रुंद वाटला. मोजला. खरंच अडुसष्ट सेंटिमीटर जास्त. मोठ्या कुंड्यांसाठी उत्तम जागा. कुंड्या मांडल्या.
जेवताना लक्षात आलं, मशीन नाही. हिला विचारलं. ही म्हणाली, 'दिलं हलवून.' समंजसपणा म्हणतात तो हाच. मी न सांगता!

२९ मार्च
ही हल्ली दुपारी घरी नसते. पाच वाजता येते. चेहरा उजळलेला असतो. चालण्याचा फायदा. मी सुचवलं होतं.
रोपं २२. एक वरच्या काकूंच्या मांजरानं खाल्लं. त्यांच्याकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी मांजराला वाचून दाखवली म्हणे.

१४ एप्रिल, संध्याकाळी
मुलीचा फोन. 'बाबा, आईच्या दुकानाच्या उद्घाटनाला मी सुट्टी टाकलीय. एक जून. तुम्हाला माहीत आहे ना?'
म्हटलं, अर्थात.
माहीत नव्हतं. म्हणजे तपशील माहीत नव्हते. ही आली तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं. दुकान त्याच गाळ्यात. काचेवर पाटी लागणार, 'कपडे दुरुस्ती व आल्टरेशन'. एक मदतनीस बाईही ठेवली आहे. मार्चपासून आतलं काम चालू आहे, उद्घाटन तेवढं व्हायचंय. म्हटलं, मला सांगितलं नाहीस? ही म्हणाली, 'चार वेळा सांगितलं. एकदा तुम्ही म्हणालात, पानं बघ किती चकचकीत आहेत.'
असेल. त्या आठवड्यात पानं खरंच चकचकीत होती.
मग मन मोठं केलं. जाहीर केलं की उद्घाटनाची सगळी फुलं माझी. फुलवाल्याला एक पाकळीही सांगायची नाही. दारात दोन्ही बाजूंना निळे डेल्फिनियम, काउंटरवर कोलंबाइन. ही म्हणाली, 'नक्की? मी फुलवाल्याशी बोलणारच होते.' म्हटलं, लेखी देतो. दिलं. तारीख, सही, खाली हुद्दा.
तिनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. हसली. हिचं असं हसणं बऱ्याच दिवसांनी बघितलं.

२ मे
रोपं १९. पानं अप्रतिम. कळ्या नाहीत. वेळ आहे अजून. मोठी फुलं वेळ घेतात. एक्स्प्रेस उशिरा येते पण थेट जाते.
(थर्मास म्हणाला, एक्स्प्रेस लवकर येते. त्याला उपमा कळत नाहीत.)

१० मे
कळ्या नाहीत. जांभळा दिवा सोळा तासांवर केला. खत दुप्पट केलं.
ही रोज विचारते, 'दारात किती कुंड्या मावतील, तेवढी जागा मोकळी ठेवू ना?' म्हटलं, सहा. सुरक्षित आकडा सांगितला. मनात दहा आहेत.

१५ मे
रोपं ११. खत दुप्पट करू नये.

१९ मे, संध्याकाळी ७.३०
आज एका बिस्किटवाल्यावर कारवाई केली. पाकिटावरची अक्षरं कायद्यापेक्षा लहान. त्याला झापलं, 'लोक पाकीट वाचत नाहीत म्हणून तुमचं फावतं! महत्त्वाची गोष्ट मागे, कोपऱ्यात, मुंगीएवढी!' जमलेले लोक खूश झाले. एकाने टाळी वाजवली.
त्याच उत्साहात घरी येऊन बियांची पाकिटं काढली. खताचं प्रमाण तरी बघू म्हटलं. भिंग घेतलं. चारही पाकिटांच्या मागे, खाली, उजव्या कोपऱ्यात: 'फुले पेरणीच्या दुसऱ्या वर्षापासून.'
अक्षरांची उंची मोजली. तीन वेळा मोजली. नियमात बसते. तक्रार करता येत नाही.

२० मे
हिला आज सांगणार होतो. पण ती दमून आली होती. दमलेल्या माणसाला वाईट बातमी देणं अमानुष.

२२ मे
आज दमलेली नव्हती. उलट आनंदात होती. आनंदात असलेल्या माणसाला तर त्याहून अमानुष.

२५ मे
मुलगी आली. आईला घेऊन दुकानातच होती दिवसभर. मला म्हणाली, 'बाबा, चला ना, आतून बघा तरी.' म्हटलं, उद्घाटनालाच बघेन, एकदम. सरप्राइज राहू दे. खरं म्हणजे दारातल्या त्या मोकळ्या जागेकडे बघवलं नसतं.

२८ मे
सांगायची हीच योग्य वेळ होती. सकाळी तोंड उघडलं. ही म्हणाली, 'फुलं दिसत नाहीत हो अजून?' माझ्या तोंडून निघालं, 'कळ्या आत असतात.'
आत म्हणजे कुठे, हे तिनं विचारलं नाही. विश्वास ठेवणारी माणसं माणसाची फार अडचण करतात.

३१ मे, संध्याकाळी
योजना तयार. फसवणूक नाही. फसवणूक म्हणजे ग्राहकाचं नुकसान. इथे ग्राहक कोणीच नाही. फुलं खरी असणार, कुंड्या माझ्या, पानं माझी. फक्त फूल आणि झाड यांचा परिचय थोडा उशिरा झालेला असेल.
उद्या पहाटे, दोघी उठायच्या आत, फुलवाला.

१ जून, रात्री ९
क्रमवार लिहितो. म्हणजे डोकं शांत होईल.
पहाटे साडेपाच. फुलवाल्याकडे डेल्फिनियम नव्हते. ग्लॅडिओलस होते, निळ्याच्या जवळचे. जांभळे म्हणा. कोलंबाइन कशाला म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं. जरबेरा घेतले. सहा कुंड्यांत, रोपांच्या मधोमध, दांडे खोल खोचले. लांबून बघितलं तर बघत राहावं असं.
आठ वाजता टेम्पोतून कुंड्या दुकानात. हिनं दारात उभं राहून बघितलं. एक कुंडी जरा सरळ केली. मुलगी म्हणाली, 'बाबा! हे सगळं तुम्ही वाढवलंत?' म्हटलं, हो. म्हणजे मान हलवली.
दुकान पहिल्यांदाच बघितलं. स्वच्छ, उंच, समोर सगळी काच. मशीन अगदी उजेडात. भिंतीवर दोऱ्यांची रिळं रंगांप्रमाणे लावलेली. एका रॅकवर चिठ्ठ्या लावलेले तयार कपडे. मी मोजले. शंभराच्या वर होते. एवढे लोक हिच्याकडे येतात?
दहा वाजता माणसं जमली. थर्मास थर्माससकट आला. सगळे फुलांबद्दल विचारू लागले. मी चार शब्द बोललो. बियांपासून फूल फुलवण्यातला आनंद, धीर, सातत्य, सहनशीलता. बोलणं रंगलं. वीस मिनिटं झाली असतील. ही फीत कापायची कात्री हातात धरून उभी होती.
तेवढ्यात वरच्या काकू म्हणाल्या, 'बघू तरी मूळ कसं आहे,' आणि ग्लॅडिओलसला हात घातला. तो सुर्रकन वर आला. खाली तिरका कापलेला दांडा आणि फुलवाल्याचं रबरबँड. रबरबँड मी काढायला विसरलो होतो.
कोणी हसलं नाही आधी. मग थर्मासला ठसका लागला, चहा नाकात गेला, आणि सगळे हसले.
काकू मोठ्यांदा म्हणाल्या, 'निरीक्षकसाहेब, हा माल कुठल्या मापात बसतो?'
मी बाहेर जायला वळलो. हिनं पुढे होऊन काकूंच्या हातातलं फूल घेतलं, काउंटरवरच्या पाण्याच्या ग्लासात ठेवलं आणि सगळ्यांना म्हणाली, 'फुलं आमच्याकडचीच आहेत. त्यांनी पहाटे उठून आणलीत. आता फीत कापू या का? गिऱ्हाईकं थांबलीत.'
फीत कापली. टाळ्या. मी वाजवल्या की नाही आठवत नाही. हात मातीचे होते.

२ जून, सकाळी
हिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मी मुद्दे काढून ठेवले होते. अक्षरांचा आकार, परदेशी पुस्तक, मांजर.
चहा घेताना मीच म्हटलं, 'फुलं पुढच्या वर्षी येणार आहेत. पाकिटावर लिहिलंय.'
ही म्हणाली, 'मला माहीत होतं. जानेवारीतच वाचलं होतं मी.'
'मग बोलली का नाहीस?'
'बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?'
कप धुवायला उठली. नळ सोडला. पाठमोरीच म्हणाली, 'मला फुलं नकोच होती हो. मला वाटलं होतं, फुलांच्या निमित्तानं तरी तुम्ही एकदा येऊन बघाल, कुठे कुंड्या ठेवायच्या ते. दीड महिना रोज वाट बघितली.'
मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला.
मुलगी दुपारच्या गाडीने गेली. जाताना म्हणाली, 'बाबा, फोन केलात ना, की आधी आईचं सांगा.'

३ जून
हिला म्हटलं, मशीन परत खिडकीत आणू या. आजच. मी उचलतो. ट्रे काढून टाकतो.
ही म्हणाली, 'राहू द्या. तिथे उजेड चांगला आहे.' रागाने नाही. आजची तारीख सांगावी तसं.
सगळा दिवस ऑफिसात कशावरही शिक्का मारला नाही.

७ जून, शनिवार
धीर करून विचारलं, उद्या दुकानात येऊ का? काही मदत? मनात होतं की स्टॉकची नोंद, रॅकचं वर्गीकरण, एकूण व्यवस्थापनाबद्दल चार सूचना.
ही म्हणाली, 'या. उसवायचं काम पडलंय.'

८ जून, रविवार, दुपारी
गेलो. मदतनीस बाईंनी स्टूल दिलं, कोपऱ्यातलं. पँटच्या तळाची जुनी शिलाई उसवायची, एक एक टाका. सोपं वाटतं. नाही. पहिली पँट पन्नास मिनिटं. दुसरी चाळीस. तिसरीला हात बसला असं वाटलं म्हणून वेग वाढवला, तर टाक्याऐवजी कापड उसवलं. चांगलं बोटभर.
पँट आणली होती थर्मासनं.
हिनं ती उजेडात धरून बघितली. रफू होईल म्हणाली. मदतनीस बाई तोंडावर हात धरून आत गेल्या. मला वाटलं आता घरी जा म्हणणार. मी उठलोच होतो.
ही म्हणाली, 'आज एवढं पुरे. पुढच्या रविवारी या. तोवर घरी जुन्या चादरीवर सराव करा.'
घरी आलो. चादरी कुठे ठेवतो आपण, हेच मला माहीत नाही. तीन कपाटं उघडून झाली. हिला फोन करून विचारणार होतो, पण तिच्याकडे गिऱ्हाईक असेल. पाच वाजता येईल तेव्हा विचारतो.